तुळाजी न्हाव्याची फळी

काळगंगेवर पूल नव्हता, धरण नव्हतं, नदीला वाहायला कुणाची परवानगी लागत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती ते विचारू नका. ज्यांनी मोजली असती ते केव्हाच गेले.

निरगुडवाडीत तुळाजी नावाचा न्हावी होता. नदीकाठच्या उंबराखाली त्याचा एक दगड होता. गिऱ्हाईक दगडावर बसायचं आणि तुळाजी समोर उकिडवा. त्याचा हात इतका हलका की झोपलेल्या माणसाची दाढी करून तो घरी निघून जायचा, आणि माणूस जागा झाला की गालावरून हात फिरवत बसायचा, असं म्हणतात. हात हलका, पण जीभ जड. बोलायचा थोडं, आणि एकदा बोललेलं गिळायचा नाही.

त्याच्यात एक खोड होती. माशाचा वास त्याला सोसायचा नाही. जन्म नदीकाठचा, शेजारी घरोघर मासे शिजायचे, आणि हा नाकाला पंचा लावून फिरायचा. नदीत गुडघ्याच्या वर तो कधी उतरला नाही.

एका उन्हाळ्यात वरच्या डोहावर एका गोऱ्या साहेबाचा तंबू पडला. साहेब वेताच्या काठीनं मासे धरायचा, पण गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. नुसती पिसं. गाव पोट धरून हसलं. पिसं खाऊन मासा जगतो होय? पण मासे धडाधड लागायला लागले तसं हसू थांबलं. साहेब गेला, आणि त्याचा एक गळ बाभळीच्या काट्यात अडकून राहिला. तो तुळाजीला सापडला. त्यानं चिमट्यानं तो मांडीवर धागा धागा सुटा केला, तीन दिवस बघितला, आणि चौथ्या दिवशी होता तसा बांधला.

आमच्याकडं त्याला माशी म्हणतात. गळावर पीस आणि रेशीम असं बांधायचं की पाण्यावर पडल्यावर माशाला खरीच माशी वाटावी.

मग गावाला वेड लागलं. साळ्यानं रेशमाची बांधली, धनगरानं लोकरीची, सोनारानं पितळेची केसाएवढी तार काढून बांधली. जोशीबुवांनी पंचांग बघून मुहूर्तावर बांधली, तिला आजपर्यंत मासा लागलेला नाही. त्या साली गावातले कोंबडे शेपटीवाचून फिरत होते, असं म्हणतात.

आणि तुळाजीनं एक फळी केली. पांगाऱ्याची, कमरेएवढी उंच. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, गळ दाबला की रुतून बसतो. ज्यानं त्यानं बांधलेली एकेक माशी तो मागून घ्यायचा आणि फळीवर लावून ती उंबराला टांगायचा. दाढीला बसलेल्याच्या हातात आरसा असायचा, त्यात मागची फळी दिसायची. कुठली माशी कुणाची हे तुळाजीला तोंडपाठ.

त्याची बायको गिरजा म्हणायची, "मासा खायचा न्हाई, गळ टाकायचा न्हाई, आन् माश्या जमवायच्या. लोक मला इचारत्यात, तुजा धनी बरा हाय न्हवं?"

"बरा हाय म्हनून सांग," तुळाजी म्हणायचा.

फळीचे दोन नेम होते. पहिला, माशी कोरी पाहिजे, पाण्याला न लागलेली. म्हणून गावात म्हण पडली, पहिली फळीची, दुसरी पाण्याची. आता लोक त्यात मोठा अर्थ सांगतात. अर्थ कसला? भिजलेली माशी वास मारायची.

दुसरा नेम असा की रोज सकाळी फळी उलटी टांगायची. काल वर होती ती आज खाली. ह्याला कारण पाटील. पाटलांनी एकदा आरशात बघितलं आणि म्हणाले, "तुळाजी, आमची माशी सोनाराच्या खाली?"

"उद्या या, पाटील."

दुसऱ्या दिवशी पाटील वर, आणि सोनार तणतणत आला. त्यालाही तुळाजी म्हणाला, "उद्या या." पाचसात दिवसांत दोघंही यायचे थांबले. फळी फिरतच राहिली.

पुढं एकदा नदीपलीकडच्या डोंगरातली यमनी कातकरीण आली. दहा पावलांवर थांबली आणि तिनं एक माशी पानावर ठेवली. रानकोंबड्याचं काळं पीस, आणि रेशीम नव्हतं म्हणून स्वतःच्या केसानं बांधलेलं. तुळाजी उठून तिच्याकडं गेला. माशी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला.

"गाठ कुठं हाय?"

"दिसली तर गाठ कसली," यमनी म्हणाली.

तुळाजी चाळीस वर्षं लोकांच्या केसांत हात घालत होता, पण केसाला अशी गाठ त्यानं बघितली नव्हती. त्यानं ती माशी फळीवर लावली. मंडळी कुजबुजली. दोघंतिघं म्हणाले, मग आमच्या काढ.

"काढून न्या," तुळाजी म्हणाला. "भोक राहील. कुनी इचारलं तर सांगीन, हितं कुनाची होती आन् ती का नेली."

एकानंही नेली नाही.

हे वेड मग गढीवर पोचलं. जहागीरदारांनीही माशी बांधली, मोराचं पीस आणि सोन्याची जर. हात चाकराचे, हौस सरकारांची. कारकून ती घेऊन आला, तुळाजीनं कोरी आहे का तेवढं बघितलं आणि मोकळी जागा होती तिथं लावली. ती जागा त्या दिवशी वर होती. कारकुनाला फिरवाफिरव कुठली ठाऊक? त्यानं जाऊन सांगितलं, "सरकार, तुळ्यानं आपली माशी सगळ्या गावाच्या डोक्यावर लावली."

सरकार खूश झाले. दुसऱ्याच दिवशी सोयऱ्यांना घेऊन आपला मान दाखवायला उंबराखाली आले. श्रावण सरला होता, नदी दोन्ही काठ धरून वाहत होती. आलोच आहोत तर दाढी करून घेऊ म्हणाले आणि दगडावर बसले. तुळाजीनं उजवा गाल साफ केला. तेवढ्यात सरकारांनी आरसा कलता केला. त्यांची माशी सगळ्यांत खाली, कोपऱ्यात. आणि सगळ्यांच्या वर एक काळी.

"तुळ्या, आमची खाली कशी?"

"आज खाली हाय, सरकार. उद्या वर येईल."

"आणि ती वरची?"

"यमनीची. पल्याडची कातकरीण."

सोयऱ्यांतलं कुणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

"ती काढून फेक," सरकार म्हणाले. "आमची वर लाव. आणि ह्या मंडळींसमोर सांग, फळीवर सगळ्यात चांगली माशी कुठली."

तुळाजीनं वस्तरा मिटला.

"न्हाई सांगत."

"काय म्हणालास?"

"फळीवर चांगली-वाईट नसती, सरकार. बांधलेली असती. निवडायचं काम माशाचं हाय, न्हाव्याचं न्हवं."

कारकून घाबरा झाला. म्हणाला, "अरे बाबा, दाढी तरी पुरी कर."

"सरकारांनी शब्द माघारी घेतला की वस्तरा उघडतो."

जहागीरदार अर्ध्या दाढीनिशी उठले. "ती फळी गढीवर न्या आणि बंबात घाला," म्हणाले. दोन शिपाई पुढं झाले.

तुळाजीनं फळी उतरवली आणि छातीशी धरली. समोर शिपाई, मागं नदी. नाव पलीकडच्या काठाला. त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती, सगळ्या गावाला माहीत होती. जहागिरीची हद्द नदीच्या मध्यावर संपायची. पलीकडं दुसरं संस्थान. तिथं ह्या सरकारांचा शब्द चालायचा नाही. पण मध्यापर्यंत जायचं म्हणजे डोह, आणि डोहात काय असतं? मासे. आधी वास आठवला त्याला, मग भीती वाटली. मग त्याला वाटलं, यमनीची गाठ बंबात जाईल. जोशीबुवांची बिनमाशाची माशीसुद्धा जाईल. सगळं गाव जाईल. आणि पुढं कुणी विचारलं की फळी कुठं गेली, तर काय सांगायचं?

त्यानं फळी डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय टाकला.

गिरजा घाटावर धुणं धूत होती. ती ओरडली, "अवं, तुमास्नी पवता येतंय का?"

"न्हाई," तुळाजी म्हणाला आणि पुढं गेला.

पाणी कमरेला आलं, छातीला आलं, गळ्याला आलं, आणि पायाखालची जमीन गेली. फळी पाण्यात बुडाली, सगळ्या माश्या भिजल्या. तेव्हा डोह हलला, असं म्हणतात. आधी मळ्या आल्या, बोटबोटभर मासे. मग शिवडे आले, मरळ आली, आणि तळातून खडस आले, अंगावर ताटाएवढे खवले असलेले. इतकी पिसं, इतकं रेशीम त्यांनी एका जागी कधी बघितलं नव्हतं. पाणी दिसेनासं झालं, नुसत्या पाठी. बुडालेला तुळाजी त्या पाठींवर उभा राहिला. फळी पुन्हा डोक्यावर घेतली, आणि ज्याला माशाचा वास सोसत नव्हता तो माशांवरून चालत गेला.

एकाही माशानं एकाही माशीला तोंड लावलं नाही. त्यांना निवडता येईना, असं म्हणतात.

काही शहाणे सांगतात, पांगारा हलका असतो, तो तरंगतो. तरंगतो, मलाही माहीत आहे. श्रावणानंतरच्या काळगंगेत, पोहता न येणारा माणूस घेऊन तरंगतो का, ते त्यांनी स्वतः उतरून बघावं. मी काठावर थांबतो.

नदीच्या मध्यावर जाऊन तुळाजी वळला. सरकार काठावर उभे होते, उजवा गाल चकचकीत, डावा तसाच. तुळाजी म्हणाला, "सरकार, ऱ्हायलेली दाढी हिकडच्या काठावर."

शिपाई हद्दीकडं बघत राहिले.

पलीकडं यमनीच्या माणसांनी त्याला वर ओढलं. तो दिवसभर ओकत होता. जरा बरं वाटल्यावर त्यानं फळी बघितली. एकूणएक माशी जागेवर होती, आणि एकूणएक भिजलेली.

"आता वास मारतील," यमनी म्हणाली. "टाकतोस का?"

तुळाजीनं नाकाचा पंचा काढला. "सगळ्यांना एकच वास हाय. ऱ्हाऊ दे." आणि त्यानं फळी तिथल्या झाडाला टांगली. उलटी करून.

दुसऱ्या दिवशी नाव अलीकडं आली. गिरजा वस्तऱ्याची धोकटी घेऊन त्याच्याकडं गेली, आणि मागोमाग निरगुडवाडी दाढीला पलीकडं जायला लागली. इकडं जहागिरीतल्या सात गावांत सरकारांना न्हावी मिळेना. एकाचा वस्तरा बोथट, एकाचा हात मुरगळलेला, एकाच्या घरी सुतक. सरकार गालाला रुमाल बांधून फिरले आणि डावी दाढी घेऊनच वारले, असं म्हणतात. शेवटी ते गुपचूप नावेत बसून पलीकडं गेले आणि शब्द माघारी घेतला, असंही कुणी सांगतं. ते सोयऱ्यांनी उठवलं असणार.

जहागीर गेली, तशी फळी अलीकडं परत आली. गढीचे दगड रस्त्याला लागले. डोह धरणाच्या पाण्याखाली आहे. तुळाजीची फळी कुजली, तशी दुसरी केली, आता सहावी की सातवी चालू आहे, पण पांगाऱ्याचीच. निरगुडवाडीच्या सलूनमध्ये ती फिरत्या खुर्चीच्या मागं टांगलेली असते. आजही गावात जो माशी बांधायला शिकतो तो पहिली फळीला देतो. आजही सकाळी केर काढायच्या आधी न्हावी फळी उलटी करतो. श्रावण संपला की दोन्ही काठची माणसं नावेतून ती मध्यावर नेतात आणि एकदा सगळ्या माश्या एकदम भिजवतात, म्हणजे वर्षभर सगळ्यांना वास एकच.

तुम्ही कधी गेलात तर दाढीला बसा. आरशात फळी दिसेल. हवी तेवढी बघा, कुठली कुणाची ते विचारा, न्हावी सगळी नावं सांगेल. फक्त सगळ्यात चांगली कुठली, हे विचारू नका. गेल्या साली एका मोठ्या पाहुण्यानं अर्ध्या दाढीत विचारलं. न्हाव्यानं वस्तरा मिटला, बाहेर येऊन त्याला काठाला लागलेली नाव दाखवली, आणि म्हणाला, "राहिलेली त्या काठावर."