तुळसाचा हिरवा चुडा

फार वर्षांपूर्वी सावरखेड्यात भिवरा नावाची कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती घरोघर फिरायची. डोळे मिटून मनगट धरलं, तरी ते कोणाचं हे तिला कळायचं, असं म्हणतात.

तुळसा तिची जिवाभावाची मैत्रीण. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी तिला मूल नव्हतं. एका संक्रांतीला भिवरा तिच्याकडे गेली, तर तुळसाचं पोट वर आलेलं.

“तुळसे, माझ्यापासून लपवतेस होय गं?”

“गप गं,” तुळसा हसली. “चाळिशी उलटली माझी. अन् दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय.”

“बाळ जागा मागतंय! आण इकडं हात.”

भिवरानं हिरवा चुडा भरला. मागल्या वर्षीचं माप हातातून गळत होतं, म्हणून लहान बांगड्या काढल्या. गरवार बाईचे हात भरतात, हिचे वाळले होते. कासारणीला हे कळायला हवं होतं, पण ती आनंदात होती. गावानं डोहाळजेवण केलं. भगतानं अंगारा दिला. नववा महिना सरला, दहावाही सरला. पोट वाढत गेलं आणि तुळसा झिजत गेली. शेवटी तिला बैलगाडीतून तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे बाळ नाही. अंडाशयाचा कर्करोग आहे. फार उशीर झाला.”

तुळसा गेली, तेव्हा चुडा तिच्या हातातून आपोआप गळून पडला आणि एकही बांगडी फुटली नाही, असं म्हणतात.

भिवरानं तो चुडा पेटीच्या तळाशी ठेवला आणि ती पायी डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“मला मनगट कळतं, बाई. तरी चुकले.”

“मनगट उशिरा सांगतं. त्याआधी विचारायचं. पोट फुगलेलं राहतं का? थोडं खाल्लं की भरतं का? ओटीपोट दुखतं का? लघवीला सारखं जावं लागतं का? हे नव्यानं सुरू झालं असेल आणि दोन-तीन आठवडे जात नसेल, तर तपासून घ्यायचं. बहुतेकदा दुसरंच काही निघतं. पण ते तपासून कळतं, शेजारणीला विचारून नाही.”

तेव्हापासून भिवरा विचारू लागली. “कासारीण आहेस का वैदीण?” म्हणून बाया हसायच्या. ती विधवांचेही रिकामे हात हातात घ्यायची. एकदा तुळसाच्या विधवा बहिणीचा, सगुणाचा हात धरला आणि पेटीच्या तळाशी चुडा किणकिणला, असं म्हणतात. सगुणानं दोन प्रश्नांना मान हलवली. दुसऱ्याच सकाळी गाडी जुंपली गेली. शस्त्रक्रिया झाली. सगुणा आणखी सहा वर्षं जगली. लेकीच्या हातात लग्नाचा चुडा चढताना तिनं पाहिला.

भिवरा मात्र पुन्हा कधी तपासणीआधी कोणाला ‘गोड बातमी’ म्हणाली नाही.

आजही सावरखेड्यात संक्रांतीला बांगड्या भरताना कासारीण शेवटची बांगडी हातात धरून थांबते आणि चारही प्रश्न विचारते. विधवांचेही हात धरते. दवाखान्यातली सिस्टर शेजारी बसलेली असते, म्हणून ऐकीव सल्ला चालत नाही. कोणी हसून टाळलं, तर कासारीण एवढंच म्हणते, “तुळसाही हसली होती.”

मग उत्तर येईपर्यंत ती बांगडी तशीच हातात राहते.