सोनेरी एक नंबर

या गोष्टीच्या शेवटी कुनाचं काय गेलं, ते आत्ताच वळखून दावा. बघू कुनात दम हाय. वळखलंत तर निम्मी मिशी उतरवून देतो.

एका गावात म्हाकू नावाचा एक धनगर व्हता. शंभर मेंढरं व्हती त्याची. बाजारात त्याला कुनी फसवून दावावं! इकनारा मेंढराच्या पाठीवर गेरू फासून उभा असायचा. म्हाकू गेरूकडं बघायचाच न्हाई. आदी जबडा उघडायचा, दात बघायचा, मग बोलायचा.

त्याची लेक सारजा. आजारी कोकरू मांडीवर घेऊन बसायची. एक दिस म्हनली, "आबा, मला जनावरांची डाक्टरीन व्हायचंय. आपली मेंढरं मीच बरी करीन."

तालुक्याला कालेज व्हतं. फी थोडी, मास्तर बाह्या सारून गोठ्यात उभे. पन शहरातल्या कालेजाच्या दारावर सोनेरी रंगात लिवलेलं, 'एक नंबर'. म्हाकू तिथंच पाघळला.

शिपायाला इचारलं, "पावनं, एक नंबर कशानं आला?"

"कारंजं बघितलंस का, मामा? नंबर देनारे सायब येत्यात, कारंजं बघत्यात, च्या पिऊन जात्यात."

"कारंजं कशातनं बांदलं?"

"फीतनं."

"आन फी येवडी कशापायी?"

"एक नंबर हाय म्हनून!"

सारजा हळूच म्हनली, "आबा, आत जाऊन बघा तरी. जनावरं कुठं दिसंनात."

"गप ग. एक नंबरात काय बघायचं?"

पैल्या वर्साला फीपायी वीस मेंढरं इकली गेली. मग दुसरं कारंजं झालं, नंबर टिकला, फी वाढली. तीस गेली. शेवटच्या वर्साला उरलीसुरली सगळी.

पोरगी हुशार. झाली डाक्टरीन. गळ्यात नळी घालून घरी आली ती थेट मेंढवाड्यात. आत निस्त्या वाळल्या लेंड्या.

"आबा, मेंढरं कुठं?"

म्हाकूनं काठी भुईला टेकली. लई दमला व्हता.

"त्या कारंज्याचं पानी प्याया गेली, बाय. माघारी आली न्हाईत."

दुसऱ्या दिशी म्हाकू साठीच्या वयात गावातल्याच बिरू धनगराची मेंढरं राखाया गेला. बिरूची लेकबी डाक्टरीन, पन तालुक्याच्या कालेजात शिकलेली. तिच्या बापाचा कळप शाबूत व्हता.

तात्पर्य: दारावरला नंबर कुनाच्या पैशानं रंगलाय, ते आदी इचारा. मेंढराचं दात बघता, तसा कालेजाचाबी जबडा उघडून बघा. न्हाईतर शिकून हातात कागुद येतो आन ज्याच्यासाठी शिकलो तेच जातं.