बयजानं शोधलेला थोर राजा

हिरडेगडच्या राजशाळेत वरच्या वर्गासाठी जगाच्या इतिहासाची परीक्षा असे आणि गेली चार वर्षं त्या परीक्षेत एकही जण उत्तीर्ण झाला नव्हता. नऊ जाडजूड ग्रंथ पोरं कशीबशी घोकत. अडायचं ते शेवटच्या प्रश्नाला. तो स्वतः राजे अजितराव विचारत, आणि दरवर्षी एकच: जगाच्या इतिहासात सर्वांत थोर राजा कोण?

प्रश्न अख्ख्या गावाला ठाऊक होता, उत्तर कुणालाच नाही. पहिल्या वर्षी सरदाराच्या मुलानं हात जोडून "आपणच, महाराज" असं सांगितलं. राजे म्हणाले, मी इतिहास विचारला, आरती नाही. नापास. दुसऱ्यानं रूम देशाच्या एका बादशहाचं नाव घेतलं, तर राजांचा चेहरा पडला. म्हणजे मी त्याच्याहून कमी? नापास. तिसऱ्यानं जुन्यांतले ते थोर आणि आजचे आपण थोर, अशी तोड काढली. राजे म्हणाले, मी एकच नाव मागितलं होतं. चौथा तर प्रश्न ऐकूनच भोवळ येऊन पडला; त्यालाही नापास केलं. नापास झालेल्यानं वर्षभर हत्ती धुवायचे, असा हुकूम होता. चार वर्षांत राजांचे हत्ती मात्र लख्ख झाले.

पाचव्या वर्षी परीक्षेला कुणी नावच देईना. तेव्हा सटवाजी जिनगराची बयजा नाव द्यायला आली.

बयजा सोळा वर्षांची. तिचा बाप राजवाड्याचे ग्रंथ शिवून बांधून द्यायचा, आणि शिवता शिवता ती वाचायला शिकली होती. शाळेचे प्रमुख नरहरशास्त्री आधी हसले. मग एकही परीक्षार्थी नसेल तर राजे आपल्यालाच प्रश्न विचारतील हे ध्यानात येऊन त्यांनी तिचं नाव लगबगीनं लिहून घेतलं. आईनं मात्र डोळ्यांना पदर लावला. हत्तीचा वास येणाऱ्या मुलीला कोण करून घेणार, ही तिची काळजी. बापानं वेगळीच वाट काढली. नऊ ग्रंथ नव्यानं बांधायला त्याच्याकडेच आले होते; हवा दमट आहे, खळ वाळत नाही, असा निरोप पाठवून त्यानं ते महिनाभर घरात ठेवून घेतले.

बयजा अभ्यासाला लागली. मिसरचे राजे दळताना, चीनचे राजे पाणी भरताना, रूमचे भांडी घासताना. रूमच्यांची नावं सगळी सारखी, त्यामुळे कुणी कुणाला मारलं याचा रोज नवा घोळ व्हायचा. एका राजाला तर तीनशे पानं दिली होती. त्यानं एक शहर जाळलं, पुन्हा बांधलं, त्याला स्वतःचं नाव दिलं आणि शेजारच्या शहराकडे वळला.

"बाबा, हा माणूस जरा घरात बसला असता तर माझ्या चार दुपारी वाचल्या असत्या," ती वैतागून म्हणाली.

"तुझ्या दुपारी गेल्या. मला तो शिवावा लागला," बापानं दोरा ओवता ओवता सांगितलं.

ते ऐकून बयजानं त्या राजाच्या पानांची जाडी बोटांनी चाचपली. मग तिनं ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतले, या वेळी वाचायला नव्हे, पानं मोजायला. सातव्या ग्रंथात तिला एक ओळ सापडली. ती वाचून ती एवढ्या मोठ्यानं हसली, की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. बयजानं ग्रंथ मिटला आणि त्या दिवसापासून घोकणं निम्म्यावर आणलं.

परीक्षेच्या दिवशी दरबार गच्च भरला. शास्त्रीबुवांचे प्रश्न तिनं एका सालाची चूक वगळता नीट सोडवले. मग राजे पुढे सरकून बसले आणि त्यांनी आपला प्रश्न टाकला.

"सातव्या ग्रंथात आहे तो, महाराज," बयजा म्हणाली. "मिसरच्या पलीकडचा."

"नाव?"

"नाव निम्मं कसरीनं खाल्लंय. उरलेलं माझ्या लक्षात राहिलं नाही."

नावाविना गुण नाहीत, असं शास्त्रीबुवा पुटपुटले. राजांनी त्यांना हातानं थांबवलं आणि त्या राजानं कोणतं युद्ध जिंकलं, ते विचारलं. एकही नाही, बयजा म्हणाली. मग काय बांधलं? तसं काही लिहिलेलं नाही. राजांच्या कपाळावर आठी चढली. बयजाचा आवाज मात्र सरळ होता.

"त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, महाराज. 'याने बेचाळीस वर्षे राज्य केले.' बस. बाकी सगळ्यांची मी पानं मोजली. लढाई झाली की वीस पानं, दुष्काळ पडला की दहा, भावाला मारलं की पाच. बेचाळीस वर्षांत ज्याच्या प्रजेला लिहून ठेवावं असं काही सोसावं लागलं नाही, त्याच्याहून थोर कोण?"

राजांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि माझी पानं किती झाली?"

"आपली बखर आमच्याकडेच शिवायला येते, महाराज. एकशे चाळीस. त्यातली नव्वद शिकारीची."

"म्हणजे मी थोर नाही?"

"ते अजून ठरायचंय. पुढची पानं कोरी ठेवलीत तर वाव आहे."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. राजांचं पोट हलू लागलं, आणि ते असे हसले की मुकुट सरकून कानावर आला. बयजा पहिली आली, शेवटचीही तीच. वरच्या वर्गात तिला जागा मिळाली आणि राजशाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या तिच्या हातात पडल्या. शेजारी बखरनवीस हा सगळा प्रसंग टिपून घ्यायला बोरू शाईत बुडवत होता. राजांनी डोळे पुसत त्याचा हात धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पुढच्या पोरांना पाठ करावं लागेल."