भिंतीतून गेलेला हात

नदीला पूल नव्हता, पलीकडे जायचं तर नावेनं जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. आंबेवळण गावात द्वारका नावाची कासारीण होती. बारशाच्या दिवशी सुवेर फिटलं की बाळंतिणीला नव्या बांगड्या भरायचा मान तिचा. बाकी साऱ्या बायका पाळण्याभोवती. बाळंतिणीचा हात हातात घेणारी ही एकटीच. हात धरताच द्वारकेला बाईच्या मनातलं कळतं, असं म्हणत. द्वारकेला वाटे, त्यात कसली आलीय विद्या? कुणी धरून तर बघा.

एकदा ठकूबाईच्या घरी नातवाचं बारसं होतं. आतल्या खोलीत सुनेचा, रखमाचा, हात धरला आणि द्वारकेला चटका बसला. बांगडी मेणासारखी वाकली, असं म्हणतात.

"मावशी, बाळ रडलं की कुठंतरी पळून जावंसं वाटतं," रखमा पुटपुटली. "कुणाला सांगू नका. हात तेवढा सोडू नका."

द्वारका दारातून ओरडली, "अहो ठकूबाई, पोरगी तापानं फणफणलीय. वैद्याला बोलवा!"

"मुलगा झालाय तिला, ताप कसला येतोय?" ठकूबाई म्हणाली. "थेरं नुसती! आम्ही काय बाळंत झालोच नाही?"

बायका खदखदून हसल्या. तरी चारचौघांत बरं दिसावं म्हणून वैद्याला आणायला नदीपलीकडे नाव पाठवली. वैद्य आले. बाळंतिणीच्या खोलीत परपुरुष कसा जाणार? त्यांनी बाळाची नाडी पाहिली, बाळ गुटगुटीत आहे म्हणाले, घुगऱ्या खाल्ल्या आणि गेले.

तोंडाळ म्हणून द्वारकेला घराबाहेर काढलं. ती मागच्या भिंतीशी बसली आणि तिनं झरोक्यातून हात आत घातला. हात लांब होत होत खाटेपर्यंत पोचला, असं म्हणतात. रखमानं तो घट्ट धरला. तिचा ताप उतरू लागला. तिनं आपण होऊन बाळ मागितलं.

बाळ द्यायला ठकूबाई आत आली, तर झरोका उघडा. बाळाला वारा बाधेल! तिनं शेणमातीचा गोळा आणून झरोका लिंपून टाकला. एवढा लांब हात तिला दिसलाच नाही म्हणतात. दिसला असता तरी काय, बाईचाच हात तो. ओल्या मातीतून तो आखडत बाहेर आला. द्वारका नखांनी भिंत उकरत राहिली. आतून "मावशी, मावशी" ऐकू येत होतं. दिवेलागणीला तेही थांबलं.

द्वारका वेशीवर जाऊन बसली ती उठलीच नाही. तिथंच तिचा दगड झाला, एक हात पुढं केलेला.

आंबेवळणात आजही बारशाला द्वारकामाईच्या पाया पडतात. नवं आंगडं-टोपडं घालून बाळाला वाजतगाजत नेतात, दगडाच्या हाताला टेकवतात, तिची ओटी भरतात. घरच्या, शेजारच्या, झाडून साऱ्या बायका जातात. बाळंतीण तेवढी घरी राहते. ओलं अंग, वारा लागायला नको, म्हणून निघताना दाराला बाहेरून कडी घालतात.