कोणत्या विमानतळावर उतरावं

“...पण महाराज, उतरावं तरी कुठे? विमानतळ पाच आहेत.”

सोमगिरी महाराज नावेत साचलेलं पाणी करवंटीने उपसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तापीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ नव्हताच. अलीकडचा होता, तोही पायांपुरता.

वामनराव अमृतकर पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते. कालव्याचं पाणी कुठल्या शेताला किती वाजता पोचेल ते कागदावर मांडून सांगत, आणि पाणी त्या वेळेला पोचे. याचा त्यांना मोठा अभिमान होता. निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी ते धुळ्याहून महाराजांकडे येत. महाराज घाटावरच्या खोपीत राहत, आल्यागेल्याला नावेतून पार करत आणि फारसं बोलत नसत.

अमृतकरांना आता युरोपला जायचं होतं. विमानात ते आजवर बसले नव्हते.

मुलगी शाल्मली जर्मनीत, फ्रायबुर्गला होती. त्या गावाला मोठा विमानतळ नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान होतं, पण पुढे दोन तासांची रेल्वे. झुरिक बरं, तर तो देश दुसरा. स्टुटगार्ट आणि स्ट्रासबुर्गला वाटेत विमान बदलावं लागणार. सगळ्यांत जवळचा बाझल. पण तिथे एकाच इमारतीला दोन देशांचे दरवाजे, एकातून बाहेर पडलं की स्वित्झर्लंड, दुसऱ्यातून फ्रान्स.

आठ महिने ते हेच करत होते. काखेतली फाइल चार बोटं जाड झाली होती. व्हिसा हातात येऊन महिना झाला, तरी तिकीट निघालं नव्हतं.

“आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढली, पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरं आपल्यासाठी थांबत नाही, महाराज. जबाबदारी कोणाचीच नाही.”

हे त्यांनी दोनदा सांगितलं.

महाराजांनी करवंटी बाजूला ठेवली.

“बस.”

अमृतकर नावेत बसले.

चार हात गेल्यावर घाट दिसेनासा झाला. वर पांढरं, खाली पांढरं. मध्ये वल्ह्यांचा आवाज, तोही कुणीतरी दूर दुसरीच नाव वल्हवत असल्यासारखा. आपण पुढे जातोय की जागीच आहोत, हे अमृतकरांना कळेना. बोट पाण्यात घातलं तेव्हा पाणी हलतंय एवढं समजलं.

एकदा त्यांना वाटलं, आपण नदीवर नाहीच, ढगात आहोत. विमानात असंच वाटत असेल.

“महाराज, कुठल्या बाजूला चाललोय?”

महाराजांनी वल्ही वर उचलली. पात्यांवरून पाणी निथळलं, आणि मग तेही थांबलं.

नाव तरंगत राहिली...

अमृतकरांना भीती वाटली. पण ती फार लांबची वाटली. डोळे मिटावेत असं त्यांना वाटू लागलं, तेवढ्यात उजवीकडून एका बाईचा आवाज आला. लांबवलेला, सावकाश.

“ओ महाराऽज...”

महाराजांनी नाव उजवीकडे वळवली. थोड्या वेळाने पुन्हा हाक आली, जवळून. मग नाव मऊ चिखलात रुतली.

तिथे घाट नव्हता. वांग्यांचा मळा होता आणि गोदूबाई उभी होती. वल्ह्यांचा आवाज आला की धुक्यात ती आपल्या काठावरून हाक देते, असं तिने अमृतकरांना सांगितलं. कोण येतंय हे तिला ठाऊक नसतं. तिने दोघांना चहा दिला आणि वांगी तोडायला निघून गेली.

दोघं वाळूत बसून राहिले. धुकं हळूहळू पातळ होत होतं.

बऱ्याच वेळाने महाराज म्हणाले, “तुला तिकडून कोण हाक देतंय?”

अमृतकरांनी पेल्यात पाहिलं. चहा कधीच संपला होता.

“कोणी नाही. मी येणार हे शाल्मलीला माहीत नाही.”

...

मग ते बोलले. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते.

सहा वर्षांपूर्वी त्यांची पत्नी मालती अचानक गेली. शाल्मलीने घाईघाईत मिळतील ती दोन तिकिटं काढली. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं होतं. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, सकाळपर्यंत थांबू या. सगळे तसंच म्हणत होते. अमृतकरांनी अंत्यसंस्काराची वेळ ठरवली होती. त्या वेळेला सगळं उरकलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहिली. खांद्याला बॅग तशीच होती.

“मी तिला काय म्हणालो, महाराज... म्हणालो, तुला साधं तिकीट नीट काढता आलं नाही.”

ती तेरा दिवस राहिली आणि परत गेली. नंतर तिचे फोन येत. ते उचलत नसत. मग यायचे बंद झाले.

महाराजांनी हात पुढे केला. अमृतकरांनी त्यांच्याकडे फाइल दिली. आता महाराज कागद पाहतील असं त्यांना वाटलं.

महाराजांनी फाइल ओल्या वाळूवर आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले.

“फोन लाव.”

साडेदहा वाजून गेले होते. तिकडे नुकतेच सहा वाजले असतील, झोपली असेल, असं अमृतकर म्हणाले. महाराज नदीकडे बघत राहिले.

तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

“अण्णा?”

बरे आहात ना, असं तिने दोनदा विचारलं. कुठून बोलताय म्हणाली, तेव्हा ते म्हणाले, नदीवरून. ती गप्प झाली. पण फोन कोणी ठेवला नाही.

शेवटी त्यांनी विचारलं ते विमानतळाचंच. पाचही नावं एका दमात सांगितली. पलीकडून हुंदका आला की हसू, ते त्यांना नीट कळलं नाही. कुठेही उतरा, ती म्हणाली, मी येते. फक्त दिवस कळवा.

फोन बंद झाला तेव्हा पलीकडचा घाट दिसू लागला होता. पायऱ्यांवर कुणीतरी धुणं आपटत होतं. हात आधी दिसे, आवाज मागून येई.

अमृतकर उठले, पुन्हा बसले. चेहरा पुसला. मग पस्तीस वर्षांची सवय उफाळून आली.

“पण महाराज, मधलं विमान चुकलं तर? पोचायला उशीर झाला तर?”

महाराज नावेत शिरले. त्यांनी वल्ही हातात घेतली.

“तर ती थांबेल.”