नाक चिकटण्याची रीत

त्या मुलखात जमीन कधी वितळत नसे. उन्हाळ्यात वरची हातभर माती सैल व्हायची, एवढंच. तिच्याखाली थेट पाताळापर्यंत गोठलेली भुई होती. पांढरे कोल्हे त्या भुईत पेवं खणत, बदकं आणि अंडी भरून ठेवत आणि लांबलचक अंधाराचे महिने त्यावर काढत. नकोशी वस्तूही भुईलाच द्यायची. ती सगळं पोटात घेई आणि कुठे वाच्यता करत नसे.

पेव भरलं की त्यावर दगडी झाकण बसवायचं. अंधार पडायला महिना उरला की घरातल्या सर्वांनी झाकणाला ओलं नाक लावायचं. नाक चिकटलं, म्हणजे पेव शाबूत. सोडवताना नाकाची साल निघायची आणि पिल्लं आकांत करायची, पण रीत ती रीत. त्या दिवसाआधी झाकण उघडणं म्हणजे भुईवर अविश्वास. तसलं पाप आजवर कुणी केलं नव्हतं.

इथेच कापशी नावाची कोल्हीण राहत होती. पदरात तीन पिल्लं, घरात सासू, आणि स्वभाव असा की नसत्या चौकशा केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

एके वर्षी कुठूनशा घुशी आल्या. भुईच्या पोटातली चकाकती शीर खणून त्या नेऊ लागल्या आणि निघालेले बाकीचे दगड कोल्ह्यांच्या पेवांशेजारी ओतू लागल्या. बघता बघता तिथे टेकडी झाली. "टाकाऊ माल आहे," घुशींचा मुकादम म्हणाला, "थंडीत गोठून पडेल कोपऱ्यात." मुलखाच्या रीतीला धरूनच होतं. कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्या टेकडीवर बर्फ टिकेना. ससे तिथे पाठ टेकायला जाऊ लागले, घुबडं माथ्यावर पेंगू लागली. कापशीच्या सासूने तर एक दगड घरीच आणला आणि त्यावर कंबर शेकत म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा सुख लागलं बाई!" मग ज्याने त्याने एकेक दगड नेला.

कापशीही पाठ शेकायला जायची, पण तिचं डोकं स्वस्थ बसेना. ऊन नाही, विस्तव नाही, मग ही ऊब कुणाची? एक दिवस तिने बदकाचं पीस टेकडीच्या पायथ्याशी धरलं. पीस सुळकन फटीत ओढलं गेलं. दुसरं तिने माथ्यावर ठेवलं, तर ते वर उडालं. ती आनंदाने ओरडलीच, "अगंबाई, ही तर श्वास घेतेय!"

तिने मुकादमाला गाठलं. "आत कोण आहे?"

"दगडच आहेत, कोल्हीणबाई. बर्फाखाली युगानुयुगं निजले होते. कधी वारा लागला नव्हता त्यांना. आता लागतोय."

"म्हणजे तुम्ही त्यांना उठवलंत!"

"थंडी निजवेल की परत. इथे थंडीला काय तोटा?"

ते तिला पटलं, किंवा पाठ शेकत असल्यामुळे पटवून घेणं सोपं गेलं.

नाक लावायचा दिवस आला. पिल्लांनी डोळे गच्च मिटून झाकणाला नाकं लावली आणि लगेच काढलीही. कुणाचंच चिकटलं नाही. शेजारीपाजारीही तेच. साऱ्या वस्तीत आनंदीआनंद झाला. "माझ्या सासूने दर वर्षी माझं नाक सोललं," म्हातारी म्हणाली, "या लेकरांचं नशीब मोठं!"

कापशीने मात्र सगळ्यांदेखत झाकण सरकवलं. पेवात तांबूस पाणी साचलं होतं आणि त्यात पिल्लांचा हिवाळा तरंगत होता, सडलेला. ती हादरली. त्याहून तिला लाज वाटली. पीस हातात असताना तिने टेकडीच्या पोटात डोकावून पाहिलं, पायाखाली नाही.

त्याच दिवशी तिने घर सोडलं. सात दिवस ती टणक जमीन शोधत चालली, मागोमाग तीन उपाशी पिल्लं आणि सासू. सासू वाटभर एक शब्द बोलली नाही. तिच्या तोंडात शेवाळाची पुरचुंडी होती आणि ती कुणालाही देत नव्हती.

सातव्या दिवशी नखं बोथट करणारी भुई लागली. कापशीने पेव खणलं, वाटेत मिळालेले दोन पक्षी आत ठेवले आणि वर झाकण बसवलं. उजेडाचे तीन आठवडे हाताशी होते. तेवढ्यात पेव भरलं असतं.

पिल्लांनी नाकं लावली. घट्ट चिकटली! तिघांनी एकच कालवा केला. ते रडणं ऐकून कापशीचे डोळे भरून आले. इतकं गोड तिला आजवर काहीच वाटलं नव्हतं.

"सासूबाई, आता तुम्ही."

म्हातारी लंगडत आली आणि झाकणावरच बसली. तिने पुरचुंडी सोडली, आतला दगड कंबरेखाली सारला आणि सुस्कारा टाकला.

"थांब गं जरा. आधी कंबर शेकू दे."

धाकट्या पिल्लाचं रडं थांबलं. त्याचं नाक आपोआप सुटलं होतं.