हौदापाशी बसलेली मुलगी

“सगळ्या आल्या, महाराज. मग कस्तुराच का आली नाही?”

मालनबाई गावच्या शाळेत शिकवायच्या. दत्तमठातल्या म्हाताऱ्या महाराजांच्या त्या शिष्या. वाऱ्यानं शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा महाराजांनी मठातला देवासमोरचा मंडप वर्गासाठी दिला. आज बाई मोठ्या मुलींना पाळीविषयी सांगत होत्या.

मुली लाजतात म्हणून बाईंनीच महाराजांना देवापासून उठवून दारात बसवलं होतं. देवाला एकटं ठेवायचं नाही, ही मठाची रीत. पण आज आत मुली होत्या.

“तिच्यासाठीच हे ठरवलं,” बाई म्हणाल्या. “दर महिन्याला घरी बसते. विचारलं तर रडते. बाप म्हणतो, आता शाळेतून नाव काढतो. एवढी चित्रं काढून आणली मी... पण हिला कदरच नाही.”

महाराजांनी बोट केलं.

कुंपणाबाहेर, गुरांच्या हौदापाशी कस्तुरा बसली होती. मांडीवर दप्तर. इकडेच बघत होती. तिथून बाईंचे हात हलताना दिसत असतील. ऐकू काही येत नसेल.

“अगबाई... तिथं का बसली?”

महाराजांनी देवाकडे पाहिलं.

बाईंच्या हातातलं चित्र खाली आलं.

“पण यात विटाळ नसतो, हेच तर शिकवतेय मी.”

“तिला शिकवलंस?”

“आत आली की शिकवते.”

“हं...”

“तुम्ही हाक मारा ना. तुमचं ऐकेल ती.”

“एवढ्या जणींसमोर?”



महाराज गुडघ्यांवर हात टेकून उठले. घोंगडी काखेत घेतली. हळूहळू पायऱ्या उतरले, कुंपणाबाहेर गेले आणि हौदापाशी घोंगडी अंथरून बसले.

कस्तुरा अंग चोरून सरकली. “लांब बसा, महाराज. मला शिवायचं नाही.”

“गुडघे दुखतात गं. आता परत उठवू नकोस.”

मग एकेक मुलगी उठली. चपला हातात घेऊनच सगळ्या तिकडे गेल्या. कुणी कस्तुराला काही विचारलं नाही. नुसत्या तिच्याभोवती बसल्या.

शेवटी चित्रं सावरत बाई आल्या. कुंपणाशी थांबून त्यांनी मागं पाहिलं. मंडप रिकामा होता. आत समई तेवत होती.

“महाराज... देवापाशी कुणीच उरलं नाही.”

महाराजांनी घोंगडीवरूनच तिकडे पाहिलं.

“बसू दे त्याला थोडा वेळ एकटं, मालन. तो मोठा आहे.”